कामात चोख

नाव : खरे सांगायचे तर नाही. संगणकात माझ्यावर 'अर्ज नमुना' असे लिहिले आहे. मित्रांनो, मी टायपिंगच्या दुकानातली एक जुनी फाइल आहे. नोकरी शोधणारे येतात, टायपिस्टबाई माझ्यातले नाव आणि पत्ता पुसून नवे घालतात आणि कागद छापून देतात. बाकी मी तीच.

जन्म : एका दुपारी, बाईंचा डबा खाऊन झाल्यावर, एका बैठकीत. वर माहिती, खाली साहेबांना पत्र. 'मी मेहनती, मनमिळाऊ व कामात चोख आहे.' शेवटी 'वरील सर्व माहिती सत्य आहे' आणि सहीसाठी रेघ. लोक म्हणायचे, "काय टापटीप झालंय हो." मी फुगून जायचे.

छंद : वाचन, संगीत. सुताराचे तेच, नर्सचे तेच, आणि ज्या रखवालदाराला अक्षरओळख नव्हती त्याचेही वाचनच.

अनुभव : लाज वाटते म्हणून हे थोडक्यात सांगणार होते. थोडक्यात होत नाही.

एकदा धुणे धुणाऱ्या मावशी आल्या. मोठ्या दवाखान्याच्या धुलाईघरात देखरेखीची जागा निघाली होती. एकोणीस वर्षे घरोघरचे कपडे धुऊन त्यांची कंबर गेली होती. ही जागा मिळाली तर वाकायचे काम सुटणार होते.

"बाई, रक्ताचे डाग मी गार पाण्यानं काढते. गरम घातलं की डाग पक्का बसतो. तेवढं लिहा ना."

"अहो मावशी, अर्जात डाग कुणी लिहितं का? साहेब नाक मुरडतील."

"मग काय लिहिणार?"

"सगळं तयार आहे. तुम्ही फक्त नाव सांगा."

मी पडद्यावर ऐटीत उभी होते. मलाही वाटले, माझ्यात डागाला जागा कुठे?

आणखी एक गोष्ट मला ठाऊक होती. त्याच आठवड्यात कुणाचा तरी पत्ता बदलताना बाईंचे बोट घसरले होते आणि माझे एक अक्षर बदलले होते. मी गप्प राहिले. वाचनाचा छंद असलेल्या इतक्या माणसांपैकी कुणी मला वाचेल, असे वाटले नव्हते.

मावशींनी न वाचता सही केली.

चौथ्या दिवशी त्या परत आल्या. घडी उलगडून त्यांनी कागद बाईंसमोर ठेवला. एका शब्दाभोवती लाल गोल होता.

"त्या दिवशी माझा चष्मा घरी राहिला होता. वाचून दाखवा बरं."

बाईंनी वाचले, "मी मेहनती, मनमिळाऊ व कामात चोर आहे."

"साहेब म्हणाले, मावशी, पहिल्यांदाच कुणीतरी खरं लिहिलंय. सगळे हसले. मग म्हणाले, तुमच्या दुकानातून आणखी सहा चोर आलेत." मावशींनी पदराने चष्मा पुसला. "मीही हसले. काय करणार, खाली सही माझीच."

बाईंनी मला बाजूला सारले आणि कोरे पान उघडले.

"सांगा मावशी. कपडे आले की आधी काय करता?"

"आधी डागांचे वेगळे काढते…"

एकच पान झाले. त्यात गार पाणी होते, एकोणीस वर्षे होती, आणि दवाखान्याच्या चादरींना त्याचा काय उपयोग तेही होते. छंद नव्हता. मावशींनी चष्मा लावून ते दोनदा वाचले, मग सही केली.

साहेबांनी तो कागद ठेवून घेतला. पण जागा आदल्या दिवशीच भरली होती. पुढची निघाली की बोलावू, म्हणाले. मावशी अजून वाकून धुतात.

मित्रांनो, अर्ज लिहाल तेव्हा माझ्यासारखीला हाताशी धरू नका. जे काम आपल्या हाताला येते ते आपल्या शब्दांत लिहा. कुठे पाठवताय ते पाहून लिहा. आणि सहीआधी चष्मा लावा.

प्रतिज्ञा : बाई ते अक्षर दुरुस्त करायला बसल्या होत्या. थांबल्या, आणि तसेच राहू दिले, म्हणजे मला पुन्हा कुणासाठी छापायला नको. किती जणांचे हातचे काम मी गिळले आणि त्या जागी 'वाचन, संगीत' ठेवले, ते मलाच माहीत.

मी कामात चोर आहे.

वरील सर्व माहिती सत्य आहे.