छातीशी बांधलेले दिवस

"शर्ट काढा, आजोबा. बनियनसुद्धा."

एवेलियो कार्देनासने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. साडेदहाला बोगोताच्या दक्षिणेच्या दफनभूमीत त्याच्या मुलीला, सोराइदाला, निरोप द्यायचा होता. शवपेटीची गाडी एव्हाना निघालीही असेल. सोबत जावई विल्मार होता. तो तेलविहिरींवरचं वेल्डिंगचं काम टाकून नऊ तास बसने आला होता आणि अजून त्याच बुटांत होता.

"मी दुपारी बांधून घेतलं तर?"

"हिला सांगू का मी, दुपारपर्यंत थांब म्हणून?" नर्स रोसाल्बाने काचेच्या पेटीतल्या बाळाकडे बोट दाखवलं. "वजन कालपासून उतरतंय. पेट्या कमी, बाळं जास्त. हिला माणसाची ऊब पाहिजे. आई असती तर तुम्हाला कोण विचारणार होतं? आणि तुम्हीच तर म्हणालात, हिचा बाप जाऊ दे तिकडे, मी थांबतो."

तो तसं म्हणाला होता खरा. कोणी विचारायच्या आत म्हणाला होता.

त्याने शर्ट काढला. त्रेसष्ट वर्षांची, पांढऱ्या केसांची ती छाती परक्या बाईसमोर उघडी करताना त्याला लाज वाटली. रोसाल्बाने पेटीतून बाळ उचललं. दीड किलोला थोडं जास्त. अंगावर टोपी, मोजे आणि तिच्याहून मोठा दिसणारा लंगोट, बाकी काही नाही. तिने ते बेडकासारखे पाय दुमडून त्याच्या छातीवर उभं ठेवलं, कान बरोबर काळजावर येईल असं, आणि दोघांभोवती ताणल्या जाणाऱ्या कापडाचा रुंद पट्टा खालून वर ओढून घेतला.

"आता मी काय करायचं?"

"श्वास घ्यायचा. तुमचा चुकला नाही तर तिचाही चुकणार नाही."

"किती वेळ?"

"अडीच किलोची होईपर्यंत. दिवसरात्र. झोपायचंसुद्धा बसूनच, मागे टेकून. जमेल?"

"एकतीस वर्षं बस चालवलीय बाई. मला उभं राहणंच जमत नाही."

रोसाल्बा हसली. त्यालाही हसू येऊ पाहत होतं, पण तेवढ्यात काटा साडेदहावर आला. त्याने डोळे मिटून घेतले. छातीवर काहीतरी गरम, चिमुकलं, घाईघाईने धडधडत होतं. मनगटावरच्या पट्टीवर नाव नव्हतं, नुसतं 'सोराइदा कार्देनासची मुलगी' एवढंच लिहिलेलं.

एवेलियोचं आयुष्य सांगायला फारसं नव्हतं. सकाळी चारला उठून डोंगरावरच्या वस्तीतून खाली शहरात बस न्यायची, परत आणायची, पुन्हा न्यायची. सोराइदा नऊ वर्षांची असतानाच बायको वारली. मग इंजिनाच्या उबदार झाकणावर उशी टाकून पोरगी शाळा सुटल्यावर त्याच्याबरोबर दोन फेऱ्या मारायची, तिथेच गृहपाठ करायची, "मागे सरका, मागे जागा आहे!" असं प्रवाशांवर ओरडायची. मोठी झाल्यावर दवाखान्यात नाही, बँकेत नाही, एका कापडाच्या दुकानात लागली. विल्मारशी लग्न केलं. एवेलियोला तो पसंत नव्हता. "महिन्यातले वीस दिवस घरी नसणाऱ्या माणसाशी लग्न म्हणजे पत्राशी लग्न," असं तो म्हणाला होता. ती म्हणाली होती, "बाबा, तुम्ही तरी कुठे घरी होतात?"

गरोदरपणाच्या सातव्या महिन्यात ती दिवसाउजेडी बापाच्या घरी आली. पाय सुजलेले, चेहरा ओढलेला. "बाबा, डोकं फुटतंय हो. डोळ्यांपुढे काजवे चमकतात."

"जिना चढून आलीस ना, म्हणून. पड जरा."

त्याने उसाच्या गुळाचं गरम पाणी केलं, लिंबू पिळलं, तिच्या हातात पेला दिला. ती प्यायली, आडवी झाली. तो खाली चौकात जाऊन मित्रांशी सोंगट्या खेळला. चार तासांनी परत आला तेव्हा ती पलंगावर आकडीत ताठ झाली होती. इस्पितळात बाळ वाचलं, ती वाचली नाही. डॉक्टर म्हणाला, रक्तदाब. म्हणाला, थोडं आधी आणली असती तर. मग त्याने एवेलियोचा चेहरा पाहिला आणि पुढचं वाक्य गिळून टाकलं.

त्या पेल्याबद्दल आणि त्या चार तासांबद्दल एवेलियोने कुणाजवळ अवाक्षर काढलं नाही.

अकराव्या दिवशी बाळ घरी आलं. एवेलियोच्या छातीवरच आलं, वरून जाड कोट. विल्मारने टॅक्सीचं दार धरलं, जिन्यावर पुढे राहून वाट केली, पण हात लावला नाही.

सोराइदाने बाळासाठी जमवलेला संसार विल्मारने एवेलियोच्या घरी आणून मांडला होता. मच्छरदाणीचा पाळणा, बदकांची चित्रं असलेला टब, तीन चाकांची बाबागाडी, बाटल्या गरम करायचं यंत्र, पावडरीचे चार डबे. शेजारच्या ओतिलियाबाईने सगळ्यावर नजर फिरवली.

"ह्यातलं काय काय लागतंय, एवेलियो?"

"काहीच नाही. पावडर नको, अत्तर नको, अंघोळसुद्धा आत्ता नको म्हणतात. हा पट्टा, टोपी, लंगोट आणि बाटली. संपलं."

"आणि तू."

"आणि मी."

"बाळंतीणच झालास की रे मेल्या!" ओतिलियाबाई म्हणाली. "कोंबडीचं सूप आणते. बाळंतिणीला चाळीस दिवस कोंबडीच द्यायची असते." आणि खरोखर रोज आणू लागली.

तो खिडकीजवळच्या खुर्चीत बसून राही. पाठीशी तीन उशा. दर तीन तासांनी विल्मार बाटली उकळून, दूध मोजून, मनगटावर थेंब टाकून बघून आणून देई. लंगोट धुई, इस्त्री करी. वेल्डिंगचे डाग पडलेल्या त्या मोठ्या हातांनी तो बोटभर मोजे दोरीवर जोडीजोडीने लावी. पण बाळ घ्यायची वेळ आली की हात मागे.

"घे ना, मला शर्ट बदलायचाय," एवेलियो म्हणे.

"ओतिलियाबाईंना बोलावतो, सासरेबुवा."

"बाप कोण आहे? ती?"

"माझे हात खरखरीत आहेत."

एवेलियो आग्रह करत नसे. मनातून त्याला बरंच वाटे. हिला माझीच सवय आहे, माझ्याच ठोक्यावर झोपते. ह्याला आता कशाला द्यायची? पहिल्यांदा नाही घेतली, तर नाहीच.

रडणं मात्र त्याला बंद होतं. घरी आल्याच्या तिसऱ्या दिवशी दोरीवर टाकलेल्या धुण्यात सोराइदाचा निळा झगा दिसला. विल्मारने न बघता तोही धुतला होता. एवेलियोच्या पोटातून एक हुंदका वर आला. छाती हलली तशी पोरगी दचकली, हातपाय ताणले, तोंड उघडलं आणि क्षणभर श्वासच घेईना. त्याने घाबरून तिच्या पाठीवर टिचकी मारली, बोटाने तळवा चोळला. तिने श्वास घेतला. त्या दिवसापासून गळ्याशी काही आलं की तो जुन्या बसमार्गावरचे थांबे मनात मोजू लागे. चर्च, बाजार, शाळा, पेट्रोलपंप, पूल. सगळ्यात खालच्या थांब्याला पोचेपर्यंत गळा मोकळा झालेला असे.

दर सोमवारी आणि गुरुवारी वजनाला जायचं. एक किलो आठशे. एक नऊशे. दोन किलो. दोन एकशेवीस. रोसाल्बा काट्यावरचा आकडा मोठ्याने वाचायची आणि बाळं छातीशी बांधून बाकावर ओळीने बसलेल्या आया टाळ्या वाजवायच्या. त्यांच्यात हा एकटाच टकला. "आजोबा, दूध कधी येणार?" असं एकीने विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "बस उशिरा आहे. वाट बघतोय." सगळ्या खळखळून हसल्या.

सव्विसाव्या दिवशी सकाळी त्याला खोकला आला.

पहिल्यांदा वाटलं, घसा कोरडा पडलाय. दुसऱ्यांदा तो तोंड बाजूला करून, श्वास दाबून खोकला. तिसऱ्यांदा स्वयंपाकघरातून विल्मार आला आणि दारात थांबला.

"सासरेबुवा, खोकताय तुम्ही."

"धूळ आहे."

"कपाळ लाल झालंय तुमचं."

"म्हटलं ना धूळ आहे!"

विल्मारने फोन लावला आणि तो एवेलियोच्या कानाला धरला. पलीकडे रोसाल्बा होती. "काढा तिला," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता. तोंडाला फडकं बांधा आणि दुसऱ्या खोलीत जा. एवढ्याशा बाळाला तुमची सर्दी म्हणजे न्युमोनिया. बाप आहे ना घरात?"

"तो घेत नाही."

"घेईल. माणूस आहे ना तो? मग छाती असेलच त्याला."

विल्मारने फोन खिशात टाकला. मग एवेलियो म्हणाला, "शर्ट काढ."

विल्मारने काढला. "मला भीती वाटते," तो म्हणाला. "शवपेटीतली सोराइदा बघितल्यापासून... तिला हात लावला तर थंड लागली. मला वाटतं हिला हात लावला आणि हीपण..."

"ही गरम आहे," एवेलियो म्हणाला. "हात लावून बघ. भट्टी आहे भट्टी."

तोंडावर फडकं बांधून, मान वळवून त्याने पट्टा सैल केला. पोरगी त्याच्या कातडीला चिकटली होती. सुटताना बारीक आवाज झाला. तिचा गाल जिथे टेकलेला असायचा तिथे लाल वर्तुळ उमटलं होतं. त्याने ती विल्मारच्या छातीवर ठेवली, पाय दुमडले, मान बाजूला वळवली, पट्टा खालून वर ओढला. "घट्ट, पण एवढं नाही. तुझी बोटं आत जायला पाहिजेत. नाक मोकळं आहे ना, ते दर वेळी बघायचं. आता श्वास घे. अरे, घे की!"

विल्मारने श्वास घेतला. पोरगी कुरकुरली, दोनदा डोकं आपटलं, आणि झोपली.

तिला आपली आठवणही आली नाही, असं एवेलियोला क्षणभर वाटलं. मग स्वतःचीच शरम वाटली. तो भिंतीला धरून दारापर्यंत गेला आणि पाठमोराच म्हणाला, "विल्मार, ती आली होती त्या दिवशी. डोकं दुखतंय म्हणाली. मी तिला लिंबाचं पाणी दिलं आणि सोंगट्या खेळायला गेलो."

छातीवर बाळ असताना माणूस ओरडू शकत नाही, हे एवेलियोला ठाऊक होतं, म्हणूनच बहुधा त्याने ही वेळ निवडली.

"माहीत आहे मला," विल्मार हळूच म्हणाला. "तिने फोन केला होता तुम्ही गेल्यावर. म्हणाली, बाबांनी पाणी करून दिलंय, आता बरं वाटतंय. मी म्हटलं, मग झोप." तो थांबला. "बरं वाटतंय म्हणाली, बाबा."

एवेलियोने कोट उचलला.

"तापात कुठे निघालात?"

"येतो."

बसमध्ये तो खिडकीशी बसला. खोकल्याची उबळ आली की फडक्यात तोंड खुपसायचा. दफनभूमीच्या फाटकात फुलवाल्या बायकांनी हाका मारल्या. त्याने पांढऱ्या कार्नेशनची एक जुडी घेतली. आत गेल्यावर मात्र त्याचे पाय थांबले. दोन्ही बाजूंना भिंतीच भिंती, भिंतींत शवपेट्यांच्या खणांच्या रांगा, शेकडो, आणि ह्यातला आपल्या मुलीचा कुठला हे त्याला माहीत नव्हतं. दफनाला जायला नको म्हणून आपण नातीची ढाल केली, हे त्याला तिथे उभं असताना लख्ख कळलं. बाळाला ऊब हवी होती हे खरंच होतं. पण ती पेटी खणात ढकललेली बघायची आपली ताकद नव्हती, हेही तितकंच खरं होतं.

एक माणूस लोखंडी शिडी ढकलत चालला होता. चाकं करकरत होती.

"भाऊ, मला एक नाव शोधायचंय. सोराइदा कार्देनास. महिना होत आला."

"तुम्ही कोण तिचे?"

"बाप."

माणसाने त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. बापाला मुलीची जागा ठाऊक नाही, ह्यावर त्याच्या ओठांवर काहीतरी आलं होतं. पण त्याने खिशातली वही काढून पानं उलटली. "चला."

खण वरून दुसऱ्या रांगेत होता. संगमरवरी पाटी अजून लागली नव्हती. सिमेंट ओलं असताना खिळ्याने कोरलेलं नाव आणि तारीख, एवढंच. अक्षरं उजवीकडे उतरत गेलेली. खालून हात पोचत नव्हता.

"शिडी लावतो," माणूस म्हणाला. "चढताना खाली बघू नका. मी धरून आहे."

एवेलियो एकेक पायरी चढला. वर पोचून त्याने फुलं खोबणीत खोचली. तळहात सिमेंटवर सपाट ठेवला. मग कपाळ टेकलं. आधी खोकला आला, असं खाली उभ्या माणसाला वाटलं. पण तो खोकला नव्हता. शिडीची चाकं खालच्या फरशीवर खडखडू लागली.

एक म्हातारी फुलांचा गुच्छ घेऊन शिडीसाठी थांबली होती. शिडीवाला तिला म्हणाला, "जरा वेळ लागेल, आजी."

"लागू दे," ती म्हणाली. तिने गुच्छ खाली फरशीवर ठेवला आणि दुसऱ्या बाजूने येऊन शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरली.