रक्तात उमटायला वेळ लागतो

फौजेतून दोन महिन्यांच्या रजेवर निघालेला जोतीराम घरी जाण्याआधी सांगलीला उतरला. आपल्या साताऱ्यात उतरला असता तर पावलोपावली ओळखीचा फौजी भेटला असता. सांगलीच्या विश्रामबागेतल्या दवाखान्यात त्याला कुणी ओळखत नव्हतं.

बारा दिवसांपूर्वी पठाणकोटला पलटणीतल्या गुंडा नावाच्या सोबत्याच्या नादानं तो एका बाईकडे गेला होता. गुंडा तिथला जुना गिऱ्हाईक. त्याला खाली पुळ्या उठल्या, मिलिटरीच्या दवाखान्यात हर्पिस निघालं आणि जोतीरामच्या तोंडचं पाणी पळालं. घरी बायको होती, अंकिता. तिला हा रोग द्यायचा नाही, एवढं त्यानं मनाशी पक्कं केलं होतं. त्याच्या बाजूनं बोलण्यासारखी तेवढी एकच गोष्ट आहे.

डॉक्टरीणबाईंनी रक्त घेतलं. चार दिवस सांगलीतच काढून तो परत गेला. रक्तात काही सापडलं नव्हतं. तो हात जोडून उठायला लागला, तसं बाईंनी त्याला बसवलं.

"एवढ्यात खूश होऊ नका. रोग शिरला तरी रक्तात उमटायला वेळ लागतो. कुणाला तीन आठवडे, कुणाला तीन महिने. बारा दिवसांच्या रक्तावर भरवसा नाही."

"रजाच दोन म्हयन्याची हाय, बाई."

"मग जाण्याआधी एकदा या. तोवर बायकोपासून लांब राहा, आणि का राहताय ते तिला खरं सांगा."

बाईंचं काय जातं सांगायला! जोतीरामनं घरी पाऊल टाकलं आणि जाहीर केलं, "म्हसवडच्या सिद्धनाथाला नवस बोललोय. रजा सरंस्तवर वेगळा निजणार."

"कशापायी रं?" त्याच्या आईनं, बनुबाईनं विचारलं.

काहीतरी सांगायला हवं होतं. तो म्हणाला, "पोरासाठी."

लग्नाला तीन वर्षं झाली होती, पण त्यातले पाच महिनेही तो घरी नव्हता. एवढा विचार करतंय कोण? नवरा नवस बोलतो म्हणजे बायकोतच खोट, असं आळीनं धरलं. शेजारच्या तानुबाईच्या सुनेचं डोहाळजेवण झालं, ओटी भरायला घरोघरी बोलावणं गेलं आणि अंकिताचं घर तेवढं वगळलं. बनुबाईनं तिला आधी सोमवार धरायला लावले, मग शनिवार. अंकिता उपाशीपोटी भाकऱ्या थापायची आणि तक्रार करायची नाही. नवऱ्यानं आपल्यासाठी देवाला साकडं घातलंय, याचंच तिला अप्रूप होतं. जोतीराम हे सगळं डोळ्यांनी बघत होता. त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, आणि तरी तो गप्प बसायचा.

रजा संपत आली तसं त्यानं सांगलीला पुन्हा रक्त दिलं. कागद आला, याही वेळी काही नव्हतं.

"आता बरीचशी खात्री धरा," बाई म्हणाल्या. "इतक्या दिवसांत बहुतेकांचं उमटतं. पुरते तीन महिने झाले की तिकडं एकदा तपासून घ्या."

जिवावरचं ओझं उतरल्यासारखा तो घरी आला. दुसऱ्या दिवशी परत जायचं होतं. अंकिता खोलीत त्याची पेटी भरत होती. त्यानं दार लोटलं आणि सगळं सांगून टाकलं. पठाणकोट, गुंडा, दोन्ही कागद.

अंकिता पेटीत त्याचे कपडे रचत राहिली. तो रडायला लागला, तेव्हाही तिनं वर पाहिलं नाही.

"म्हंजे नवस न्हवताच."

"न्हवता."

"दोन म्हयनं मी वांझ म्हणून हिंडले. तुमचं रक्त कोरं निघालं. माझं काय?"

"चुकलं गं माजं."

"मला नका सांगू. आत्याबाईस्नी सांगा. आळीला त्यांच्याकडनं कळंल. आत्ता सांगा, उद्या तुमी न्हाई."

तो डोळे पुसून उठला. बाहेर सोप्यात बनुबाई त्याच्यासाठी शेंगदाण्याचे लाडू वळत होती. दारात अंकिता येऊन उभी राहिल्याचं त्याला पाठमोऱ्यानंही कळलं.

"काय रं, काय पायजे?" आईनं विचारलं.

त्यानं तोंड उघडलं. पठाणकोट जिभेवर आलं होतं.

"आई," तो म्हणाला, "सकाळची गाडी किती वाजता हाय गं?"

"सातला," बनुबाई म्हणाली. "आणि नवसाची काळजी करू नगंस. हिच्याकडनं एक बी शनिवार मी चुकू द्यायची न्हाई."

अंकिता आत गेली आणि पेटीचं झाकण लावू लागली.