तळाची मूठ

मित्रांनो, खाडीकाठच्या कशेळी गावातल्या एका घराच्या पडवीत कोपरा अडवून बसलेली मी जुनी कणगी. बांबूच्या कामट्यांनी मला विणलं आणि घरधनीण सीताबाई दर वर्षी मला आतून-बाहेरून शेणामातीने लिंपायची. मग खाडीकाठच्या शेतातलं लाल भात माझ्या पोटात ओतायची. खारं पाणी चढलं तरी तग धरणारं ते भात! तळाचं भात पेरणीसाठी राखायचं, काही झालं तरी त्याला हात लावायचा नाही, हा घरचा नेम. मी त्याची राखणदार. निदान मला तसं वाटायचं.

२००५च्या वैशाखात सीताबाईच्या नातीची, भाविकाची हळद होती. पाहुण्यांना या लाल तांदळाची भाकरीच हवी. "कणगी हाय तवर चिंता न्हाय!" असं कुणीतरी म्हणालं आणि मी कौतुकाने फुगले. पीठ संपलं, माझ्या पोटातही तळाचंच भात उरलं होतं, तसा सीताबाईचा लेक केसरीनाथ माझ्याकडे आला.

"अरं, ते बियाचं हाय!" सीताबाई ओरडली.

"आय, बियानं दुकानात मिलतं. पावनं उपाशी उठवू काय?"

त्याने मला कलंडवलं. मी अडून बसायला हवं होतं. पण कौतुक डोक्यात गेलं होतं, मी खुशाल रिकामी झाले.

त्या वर्षी दुकानातलं बी पेरलं. जुलैच्या पुरात बांध फुटला, खाडी शेतात शिरली आणि खारं पाणी न सोसणारी ती रोपं जळून गेली. जुनं भात गावात कुणाकडेच उरलं नव्हतं. पुढच्या उन्हाळ्यात शेतावर गोदाम बांधू पाहणाऱ्या गोदामवाल्याचा माणूस जमीन मागायला रोज दारात येऊन बसू लागला.

"आय, आता भात व्हत न्हाय. देऊन टाकू," केसरीनाथ म्हणाला.

सीताबाईने खुरपं घेतलं आणि माझ्या आतलं लिंपण खरवडून काढलं. त्यात तेवीस दाणे चिकटलेले निघाले. केसरीनाथ खाली मान घालून बघत राहिला. पाऊस लागल्यावर त्यानेच ते रुजत घातले. नऊ उगवले. गोदामवाल्याच्या माणसाला त्याने परत पाठवलं.

दिवाळीनंतर त्याने दोन मुठी भात आणून माझ्या तळाशी ठेवलं. शेत पुन्हा भरायला अजून काही वर्षं लागतील. लोक म्हणतात, कणगीने बी वाचवलं. मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. ते दाणे मी कुठे धरले होते? सीताबाईच्या हातच्या लिंपणाने धरले होते. मी तर सगळं ओतून मोकळी झाले होते.

म्हणून हात जोडून सांगते, मित्रांनो, पाहुण्यांना पोटभर वाढा, पण तळाची मूठ राखा. कौतुक दुसऱ्या दिवशी संपतं, पेरणी दर वर्षी येते.