मी भोंगीवर जळत होते

मित्रांनो, एक गोष्ट आधीच कबूल करते. मी एक जुने शिवणयंत्र आहे, पायाने चालवायचे, आणि स्वभावाने फार जळके आहे.

माझे अंग ओतीव लोखंडाचे. कारखान्यातल्या एका कारागिराने बारीक कुंचल्याने माझ्या मानेवर सोनेरी वेल काढली, तेव्हापासून मला कौतुकाची चटक लागली. पुढे मी मावशींच्या घरी आले. मावशी म्हणजे आमच्या गल्लीतल्या शिवणकाम करणाऱ्या बाई; लहानथोर सगळे त्यांना मावशीच म्हणतात. खिडकीजवळची उजेडाची जागा त्यांनी मला दिली. तीस वर्षे आम्ही दोघींनी गणवेश शिवले, उशांचे अभ्रे शिवले, फाटलेल्या खिशांना नवे आयुष्य दिले. गिऱ्हाइकाने शिवणीवर बोट फिरवून वाहवा केली की मावशी माझ्यावर हात ठेवून म्हणायच्या, "हिची कमाल आहे, माझी नाही."

मग घरात भोंगी आली. ती एक पांढरी मांजर. लहानपणी बिचारी मुकाट असायची. पण म्हातारपणी तिला कंठ फुटला आणि असा फुटला की मावशींच्या यजमानांनी, म्हणजे काकांनी, तिचे नावच भोंगी ठेवले. सकाळ म्हणू नका, दुपार म्हणू नका, तिचे म्याँव म्याँव सुरूच. कापड वळवायला मी जरा थांबले की तिचा सूर चढे; तो ऐकून मावशी माझ्यावरचे पाय उचलत, अर्धी शिवण सुईखाली तशीच सोडत आणि वाटीभर दूध घेऊन येत. दूध संपले की भोंगी पुन्हा सुरू. मावशी पुन्हा उठत.

माझ्या अंगाचा तिळपापड होई. मी कधी हाक मारली नाही, कधी हट्ट केला नाही आणि माझ्यावर मात्र धूळ बसायची. वर ही बया मी चालू झाले रे झाले की माझ्याच पायाला पाठ टेकून बसायची. मला वाटे, मुद्दाम खिजवायला बसते.

काका एकदा वैतागून म्हणाले, "तू तिला दूध पाजतेस की भोंग्यात वंगण घालतेस?"

मावशींनी तरीही वाटी भरलीच. पण कपडे वेळेवर होईनात, गिऱ्हाइके कुरकुरू लागली, शेजारीही बोलू लागले. शेवटी काकांनी भोंगीला टोपलीत घातले आणि पलीकडच्या पिठाच्या गिरणीत नेऊन दिले. तिथे उंदीर तरी धरील, असे त्यांचे म्हणणे. मावशींनी पदराने डोळे पुसले. मी मात्र मनातून उड्या मारत होते.

चार दिवस मावशी माझ्याजवळून हलल्या नाहीत. पण त्यांच्या पायांत जीव नव्हता. शिवण वाकडी जाई, उसवावी लागे. मला हव्या होत्या त्या मावशी परत आल्या होत्या, आणि आल्याही नव्हत्या.

पाचव्या दिवशी गिरणीवाले टोपली घेऊन दारात उभे राहिले. म्हणाले, "वहिनी, तुमची मांजर अजब आहे बघा. गिरणी धडधडत असली की गोणीवर निवांत आडवी. गिरणी थांबली की ओरडायला सुरुवात. मी कानाशी डबा वाजवून पाहिला, पण तिने कानही हलवला नाही."

मावशींनी भोंगीच्या पाठीमागे कात्री खणकन पाडली. भोंगी ढिम्म. मग त्या हळूच माझ्यापाशी बसल्या आणि मला चालवू लागल्या. भोंगी आली, माझ्या पायाला पाठ लावून बसली आणि गप्प झाली. मावशी थांबल्या. भोंगी ओरडली.

"अगं बाई," मावशी माझ्यावर हात ठेवून म्हणाल्या, "तिला ऐकूच येत नाही. ही थरथरली की तिला जवळ कोणी आहे असं वाटतं. आणि मी दूध आणायला उठून हीच बंद करत होते."

मलाही तेव्हाच कळले, मित्रांनो. माझ्या पायाशी बसून ती मला खिजवत नव्हती. तिला मीच हवी होते. आणि मी तिच्या जाण्यावर टपले होते.

आता काम संपले तरी मावशी कधी कधी दोरा काढतात, सुईखालची पकड वर उचलतात आणि मला नुसतेच चालवतात. तेवढा वेळ त्या भोंगीकडे पाहतात, माझ्याकडे नाही. खोटे कशाला सांगू, मला अजूनही जळायला होते. पण तिची ताठ पाठ हळूहळू सैल पडते, ते मावशींच्याही आधी मला कळते.

म्हणून तुम्हाला एक विनवणी. घरात कोणी सारखे ओरडत असेल, मांजर असो, तान्हे बाळ असो की म्हातारे माणूस, तर त्याच्यापुढे घाईघाईने वाटी सरकवू नका, आणि त्याला घराबाहेरही काढू नका. ते केव्हा गप्प होते, एवढे जरा शेजारी बसून पाहा.