अर्धी गोळी

मेढ्याच्या शालूबाईंना विचाराल, तर त्यांचा खरा संसार दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीनंतर सुरू झाला. लग्नाला तेव्हा एकतीस वर्षं झाली होती. हसू नका, बाई खोटं बोलत नव्हती.

त्याआधी त्यांचे मालक दादासो गुरुजी घरात होते कुठं? शाळेत गणित शिकवायचं आणि उरलेला सगळा वेळ मोडी. पंचक्रोशीतले लोक फडक्यात बांधलेले जुने कागद आणून द्यायचे. गुरुजींनी ते भिंगाखाली धरले की घराला आग लागली तरी हा माणूस उठेल तर शपथ. मोडीत हात न उचलता ओळ लिहीत जातात. शब्द कुठं तुटतो ते वाचणाऱ्यानं ओळखायचं. ओळखता आलं की गुरुजी एकटेच खुदकन हसायचे. नाही आलं की चार-चार दिवस अबोला आणि पुढचं ताट लोटलेलं. शालूबाई त्या कागदांना सवत म्हणायच्या, आणि थट्टेनं नव्हे.

मग आरक्षणासाठी जुन्या कागदांत कुणबी नोंदी शोधायची धांदल उडाली. दारात ही रांग. गुरुजींची झोप उडाली, मग अन्न सुटलं, आणि एका सकाळी ते छपरावर चढून कागदातल्या मेलेल्या पाटलांना हाका मारायला लागले. लेक क्रांती सांगलीला विश्रामबागेत राहते, कॉलेजात शिकवते. तिनं त्यांना तिकडं नेलं. डॉक्टरांनी गोळी दिली आणि ती लागू पडली.

इतकी लागू पडली म्हणता! गुरुजी शालूबाईंच्या शेजारी बसून मेथी निवडायला लागले, मालिका बघायला लागले. आमटी झकास झाली म्हणायचे. कोंबड्या पाळल्या, प्रत्येकीला नाव दिलं. कागद पुढं धरला तर डोळ्यांपुढं मुंग्या पळतात म्हणायचे आणि परत कोंबड्यांकडं. त्यांना त्याचं वाईटही वाटायचं नाही. शालूबाईंच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत क्रांती आली. ती बापाच्या मांडीवर बसून मोडी शिकलेली. बाप जाहिरातीला खदाखदा हसतोय हे बघून ती परसात जाऊन रडली. मायलेकींचं चांगलंच वाजलं. हे बाबा नव्हेत, म्हणाली. मग शेजारचा हाय काय, असं शालूबाईंनीही सुनावलं. डॉक्टरांचं म्हणणं, गोळी अर्धी करून बघता येईल, पण दुखणं उलटूही शकतं, घरच्यांनी ठरवा. गुरुजींना विचारलं तर ते म्हणाले, तुम्ही म्हणाल तसं.

शेवटी क्रांतीनं आईला एकच विचारलं.

"तुला अशी गोळी दिली, की मी आठवणार न्हाई पण त्याचं वाईटबी वाटणार न्हाई, तर घेशील?"

दुसऱ्या दिवशी शालूबाईंनी सुरीनं गोळी अर्धी केली.

दोन आठवड्यांत गुरुजींचं हसणं कमी झालं. तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी त्यांनी भिंग काढलं. थोड्या वेळानं त्यांनी शालूबाईंना हाक मारली. कागद दाखवायला म्हणून हाक, ती जन्मात पहिल्यांदाच. दोनशे वर्षांपूर्वी कुण्या विधवेनं गावच्या पाटलाला घातलेला अर्ज होता तो. माझी म्हैस तुम्ही ओढून नेली, ती तुमच्या गोठ्यात हंबरते ते मला इथं ऐकू येतं, मी कानात बोळे घालून निजते. गुरुजी बोटानं ओळ दाखवत होते, शब्द लागला की खुदकन हसत होते, डोळे भरलेले. एकतीस वर्षांत शालूबाईंनी कागद वाचणारा हा माणूस पाठमोराच पाहिला होता. आज समोरून पाहिला. हा माणूस एवढ्या आनंदात असतो आणि आपण त्यावर जळत आलो, असं त्यांना वाटलं.

मग गुरुजींची नजर भिंतीवरच्या कॅलेंडरवर गेली. सहा महिने मी काय करत होतो, त्यांनी विचारलं. शालूबाईंनी खरं ते सांगितलं, कोंबड्या, मालिका, मेथी. ते डोकं धरून बसले.

त्यानंतर दुखणं उलटलं. एक ओळ लागायची, दुसरी निसटायची. जेवण बंद. दोनदा विहिरीच्या काठावर सापडले. क्रांती फोनवर म्हणत होती, आई, आणखी थोडे दिवस थांब. डॉक्टर म्हणाले, गोळी पूर्ण करा, यापुढं तीच ठेवा.

शालूबाई पाणी आणि गोळी घेऊन पुढं गेल्या. गुरुजी शुद्धीत होते, हेच वाईट.

"खरं सांग. गोळी घेणाऱ्या त्या माणसाबरोबर तू सुखात होतीस?"

"व्हय."

"आणि तो?"

"त्योबी हुता."

गुरुजींनी विधवेचा अर्ज फडक्यात बांधला. "मला जायचं नाही गं, शालू," ते म्हणाले. "पण तू ठरव."

शालूबाईंना विहीर दिसत होती. मेलेला नवरा शहाणा असून काय करायचा? त्यांनी अख्खी गोळी पुढं केली. गुरुजींनी मुकाट्यानं तोंड उघडलं.

महिन्याभरात घर पुन्हा हसायला लागलं. गुरुजी कोंबड्यांच्या मागं, मालिकेपुढं, दोन वेळा पोटभर जेवायचे. शालूबाईंना मात्र आता घास गिळवेना. पूर्वी हा माणूस हसला की त्यांना बरं वाटायचं. आता तो हसला की ते कागदावरचं बोट आठवायचं. ज्याला हे सांगावं असा एकच माणूस होता, आणि त्याला त्यांनी आपल्या हातानं पाणी पाजून घालवलं होतं.

एकदा जेवताना त्यांच्या डोळ्यांतून टपटप पाणी गळायला लागलं. गुरुजींनी घास खाली ठेवला, जवळ सरकले, उपरण्याच्या टोकानं त्यांचे गाल पुसले.

"का गं रडतेस? कुणी काय बोललं का तुला?"

एकतीस वर्षांत त्या किती वेळा रडल्या असतील, पण हे त्यांना कधी कुणी विचारलं नव्हतं.

"काय न्हाई," शालूबाई म्हणाल्या.

आणि गुरुजींनी ते लगेच खरं मानलं.