दहा पावांचा हात

पांतेलिसच्या डाव्या हातावर पूर्वी एका वेळी दहा पाव सहज राहायचे. बाही वर सारायची, मनगटापासून थेट दंडापर्यंत पाव ओळीने लावायचे, प्रत्येकात एकेक वीनर, म्हणजे छोटं सॉसेज, ठेवायचं आणि उजव्या हाताने मोहरी, कढत खिमा, बारीक कांदा, शेवटी सेलरीचं मीठ असं भराभर घालत जायचं. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये वीनर असंच बनतं. त्याला हॉट डॉग म्हणणाऱ्या माणसाला इथे पाहुणा समजतात, आणि वर केचप मागितलं तर पाहुणचारही संपतो.

सप्टेंबरपासून त्याचा तो हात कोपराखाली बधिर झाला होता. खिमा सांडला तरी कळायचं नाही. संध्याकाळी कातडीवरचा लाल डाग दिसला की मग समजायचं, अरेच्चा, आज भाजलं वाटतं. चार पावांच्या वर गेलं की हात थरथरायला लागायचा. ही गोष्ट त्याने डॉक्टरांना सांगितली नाही, आणि लित्साला तर नाहीच नाही. लित्सा त्याची मुलगी. ती सोळा वर्षं त्याच्याच दुकानात मागच्या बाजूला तवा सांभाळत आली होती आणि पाव लावायला तबक आणू या म्हणून त्याच्या मागे लागली होती.

"बाबा, सगळे तबकावर करतात आता."

"करू देत. या दुकानात तबक आलं की मी घरी बसलो म्हणून समज."

घरी बसायचं म्हणजे काय, ते त्याला चांगलं ठाऊक होतं. बायको जाऊन तीन वर्षं झाली होती. घरी टीव्ही होता आणि तिची खुर्ची होती. त्यापेक्षा थकून उभं राहिलेलं बरं. पण थकवा तरी किती असावा! सकाळी एप्रनची गाठ मारतानाच त्याला दिवस संपावासा वाटायचा.

एक बरं होतं, हल्ली मोठ्या ऑर्डरी येत नव्हत्या. दोन, तीन, फार तर चार. "लोकांची भूकच मेली," तो लित्साला म्हणायचा, आणि मनातून सुटकेचा श्वास सोडायचा. त्याला वाईट वाटायचं ते फक्त एर्मेलिंदाचं. जन्माने पोर्तुगीज, उभी हयात दागिन्यांच्या कारखान्यात डोळे फोडलेली बाई. दर गुरुवारी सहा वीनर न्यायची, स्वतःला दोन आणि अंथरुणाला खिळलेल्या भावाला चार. आता ती बारा वाजता तीन न्यायची आणि एक वाजता परत येऊन आणखी तीन न्यायची.

"बिचारीला विसर पडायला लागला," तो हळहळायचा. लित्सा तव्यावरून मान वर करायची नाही.

त्या गुरुवारी बर्फ पडून गेलं होतं. एक वाजता शिकागोचा एक गडी आत आला. ऑफिसातल्या लोकांसाठी दहा हवेत म्हणाला. त्यांच्याकडे वर घालतात ते टोमॅटो आणि लोणच्याची काकडी कुठे आहे ते विचारून झालं, नाही म्हटल्यावर थोडं हसून झालं, मग त्याने फोन वर धरला. "हातावर करता ना? सगळे एकदम करा, मला दाखवायचंय."

पांतेलिसने बाही सारली. चार पाव लावले, पाचवा लावला. सहाव्याला हात थरथरायला लागला आणि मोहरीची धार पावाबाहेर गेली.

"अहो, एकदम दहा कुणी मागतं का?" दारातून आवाज आला. एर्मेलिंदा होती. बुटांवरचं बर्फही झटकलं नव्हतं. "तीन घ्या, खा, मग पुन्हा तीन मागा. इथे सगळे तसंच करतात."

"सगळे?" शिकागोवाला म्हणाला.

"सगळे!" ती त्याच्यावर खेकसली, आणि मग आपण काय बोलून गेलो ते कळून बुटांवरचं बर्फ झटकायला लागली.

कोपऱ्यात बस चालवणारा डेल्मर बसला होता; दोन वर्षं तो एका वेळी सात वीनर खायचा, हल्ली तीनवर आला होता. तो खाली बघून ताटलीतला कांदा वेचत बसला. पांतेलिसने त्याच्याकडे पाहिलं, लित्साकडे पाहिलं. लित्साचे डोळे भरले होते. म्हणजे तीसुद्धा!

त्याने सहाही पाव एकेक करून काउंटरवर उतरवले.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"नाताळाच्या आधीपासून," एर्मेलिंदा म्हणाली.

"आणि मला वाटलं, तू विसरतेस."

"मी? मेल्या, तुझ्या लग्नात तू किती रडलास तेही मला आठवतंय."

"दुकानापर्यंतचा चढ दोनदा चढत होतीस. या बर्फात. तुझ्या त्या गुडघ्यांनी."

"गुडघ्यांचं मी बघीन. तू तुझं बघ."

त्याला लाज वाटली, आणि त्या लाजेत राग नव्हता याचंच त्याला जास्त रडू आलं. आपण सगळ्यांना फसवतोय म्हणून तो पाच महिने मिशीत हसत होता, आणि अख्खी गल्ली अर्धपोटी राहून त्याची लाज राखत होती.

"लित्सा, बाही वर कर."

"बाबा, तबक आणते ना मी—"

"तबक नको. हात आण."

ती हात पुसत पुढे आली. तिने पाव लावले. तिसरा घसरला, तो तिने हनुवटीने अडवला. शिकागोवाल्याने फोन केव्हाच खिशात घातला होता. खिम्याचा पहिला चमचा जरा वाकडा पडला आणि लित्सा "आई गं!" करून ओरडली.

"भाजतं का?" पांतेलिसने विचारलं.

"भाजणारच ना, बाबा!"

"मला काही जाणवत नाही," तो म्हणाला. "सप्टेंबरपासून या हाताला काहीच जाणवत नाही." पहिल्यांदाच तो हे मोठ्याने बोलला.

लित्सा हात तसाच पसरून उभी राहिली. हलली असती तर सगळं खाली आलं असतं. "उद्या डॉक्टरकडे जायचं," ती म्हणाली. त्याने मान डोलावली.

"आधी मोहरी, मग खिमा. उलटं नको करूस. याचे दहा दोन खेपांत कर, आणि मग हिचे सहा एकदम."

एवढं सांगून तो काउंटरला वळसा घालून बाहेर आला आणि एर्मेलिंदाच्या शेजारच्या स्टुलावर बसला. एकेचाळीस वर्षांत या बाजूला तो कधी बसला नव्हता. बसल्यावर त्याला कळलं, आपले पाय किती दुखत होते.