चाळीस पाठींवर ड्यूड

आमच्याकडे हळदीला घरच्या सगळ्यांनी एकसारखे टी-शर्ट घालायचे असतात. पाठीवर काय छापायचं, हे ठरवायचा मान या वेळी मला मिळाला. नवरदेव, म्हणजे माझा कल्पेशकाका, म्हणाला, "तू दहावीत हायस, इंग्लिशमध्ये पयली येतेस. तूच सांग."

मी झटक्यात सांगितलं, 'ड्यूड'! चाळीस टी-शर्ट छापून आले. पिवळेधमक.

हळदीच्या दिवशी दुपारी मला नवरीचा मेसेज आला. ती म्हणजे रोशनी, कामोठ्याला क्लासमध्ये इंग्लिश शिकवते. 'टी-शर्टचा फोटो बघितला. ड्यूडचा जुना अर्थ माहितीये ना गं?' पुढे एक डोळा मारणारा चेहरा.

माहिती कुठला! लगेच मोबाइलवर शोधला. एकशेचाळीस वर्षांपूर्वी अमेरिकेत हा शब्द चिडवायला वापरायचे. नको तितका नटणारा, कडक कॉलरचा शहरी बाबू म्हणजे ड्यूड. पुढे तिकडचे गुराखी शहरातून आलेल्या पाहुण्यांना ड्यूड म्हणायला लागले. 'भावा' हा आपल्या ओळखीचा अर्थ फार उशिरा चिकटला. शब्द मुळात आला कुठून, यावर तर अजून वादच आहेत.

म्हणजे होणाऱ्या बायकोसमोर काकाची टिंगल मी चाळीस पाठींवर छापली होती! काका चिडला तर? आणि परत मला घरात कोण काही विचारेल का?

सांगायला तर हवंच होतं. काका आरशासमोर होता. तासभर तिथेच होता. गळ्यात तीन चेन, केसांना जेल आणि घरात डोळ्यांवर गॉगल.

"काका, एक घोळ झालाय," म्हणत मी मोबाइलवरचं सगळं वाचून दाखवलं.

त्याने गॉगल काढला. आरशात एकदा स्वतःकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

माझी आजी, दमयंती, दारात लसूण सोलत होती. तिथूनच म्हणाली, "मंग? त्या अमेरिकावाल्यांनी आमचा कल्पेश कवा बगितला?"

काका एवढा हसला की जेल लावलेले केसही हलले.

"रोशनीला काय लिहू?" मी विचारलं.

"खरं ते लिव."

मी लिहिलं, 'अर्थ आत्ता कळला. पण नवरदेवाला एकदम फिट बसतो.'

लगेच उत्तर आलं, 'ठाऊक आहे. मीडियम साइजचा एक माझ्यासाठी ठेव. आणि नवरदेवाचा फोटो पाठव.'

मी कॅमेरा वर केला.

"थांब गं," काका म्हणाला, "चौथी चेन घालू दे."